पाच मैलांच्या आत

घोटी-इगतपुरीकडच्या माणसाने नुसतं ‘रोड’ म्हटलं की तो आग्रा रोडबद्दलच बोलत असतो. मुंबईत कुर्ला-घाटकोपर-मुलुंडमधून जाणाऱ्या त्याच्या तुकड्याला लालबहादूर शास्त्रींचं नाव मिळालं. सरकारदरबारी मुंबई ते आग्रा हा सगळा रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 3 झाला. 2010 साली देशभरातल्या महामार्गांना नवे क्रमांक दिले, तेव्हा तो 3 नंबरही मोडला आणि रस्ता तुकड्यातुकड्यांनी दुसऱ्या आकड्यांत वाटला गेला. आमच्याकडे त्याचं कुणाला सोयरसुतक नाही. सोयरीक बघायला आलेला पाहुणा आजही आधी विचारतो, वावर आग्रा रोडपासून किती आत आहे?

माझे आजोबा या रोडवर मैलकुली होते. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. थोरले चुलते, नाना, याच रोडने कांद्याचा ट्रक घेऊन थेट कलकत्त्यापर्यंत जायचे. आईचं माहेर सिन्नर तालुक्यातलं. तिथल्या आजीने बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याची खडी फोडली, आणि तिच्याच वावरातून आता समृद्धी महामार्ग गेला आहे. देशाचे प्रांत एकमेकांना जोडणाऱ्या रस्त्यांचा इतिहास मी पुढे पुस्तकांत, अहवालांत वाचला. पण त्यातल्या बऱ्याच गोष्टी आधी या तिघांच्या तोंडून कानांवर पडल्या होत्या. कधी ओट्यावर, कधी भात झोडताना, कधी कुणाच्या दहाव्याला. लिहिलेलं आणि ऐकलेलं शेजारी शेजारी ठेवलं की एकच प्रश्न वर येतो. गाव रस्त्यापासून किती लांब आहे, हे मोजणं आपण कधी सोडून दिलं?

मैलकुली म्हणजे बांधकाम खात्यातला सगळ्यात खालचा माणूस. रस्त्याचे मैल वाटून दिलेले असायचे आणि आपल्या वाट्याच्या मैलांचं बरंवाईट त्याच्या माथी. खाकी सदरा, कुदळ, फावडं, घमेलं, धुमस आणि काठीला बांधलेलं लाल फडकं, एवढा आबांचा सरंजाम. उन्हाळ्यात झाडांच्या बुंध्यांना चुना-गेरू लावायचा, साइडपट्टीला मुरूम भरायचा, खड्ड्यात खडी टाकून वर डांबर ओतायचं आणि धुमसाने चोपायचं. पण त्यांचं खरं काम पावसाचं. इगतपुरीचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको; तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि जुलैत तर दिवस-दिवस समोरचं दिसत नाही.

“रस्त्याचा वैरी गाडी नाय, पाणी,” असं ते म्हणायचे. डांबराखाली खडी, खडीखाली सोलिंगचे दगड, त्याखाली माती. वरून कितीही वजन जाऊ द्या, माती कोरडी असेल तर रस्ता धरून राहतो. पाणी मुरलं की माती मऊ पडते, खडी खाली बसते, डांबराला भेग जाते आणि मग पहिल्याच ट्रकखाली खड्डा पडतो. म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता हवा, कडेचा चर मोकळा हवा आणि चरातलं पाणी पलीकडे नेणारी मोरी तर आधी मोकळी हवी. मृगाच्या आधी आबा आपल्या वाट्याच्या मोऱ्या साफ करायचे. लहान मोरीत माणूस बसूनही मावत नाही. पालथं पडायचं, पाटी पुढे ढकलायची, हाताने गाळ ओढून पाटीत भरायचा आणि कोपरांवर मागे सरकत बाहेर यायचं. आत काय काय निघायचं! फांद्या, चिंध्या, फुटकी मडकी, एकदा मेलेलं वासरू. मोरी साफ झाली की वरच्या तोंडाशी हंडाभर पाणी ओतायचं आणि खालच्या तोंडाशी जाऊन बसायचं. पाणी किती वेळात आलं आणि गढूळ आलं की नितळ, यावरून आत अजून काही अडकलंय का ते त्यांना कळायचं. मोठा पाऊस लागला की डोक्यावर इरलं घेऊन ते रात्रीसुद्धा आपल्या मैलांवर निघायचे. साइडपट्टीवर पाणी साचलेलं दिसलं की कुदळीने दोन बोटं चीर पाडून त्याला वाट करून द्यायचे. इकडची आजी, आबांची बायको, दार न लावता बसून राहायची.

आबा नोकरीला लागले ते दुसऱ्या महायुद्धात. देवळालीला लष्कराची मोठी छावणी होती. तिथून मुंबईच्या बंदराकडे लष्करी गाड्यांची रांग सुरू झाली की तासन्‌तास संपायची नाही, असं ते सांगत. तोवर रोडवर बैलगाड्या जास्त आणि मोटारी कमी. बैलगाडीची लोखंडी धाव रस्ता कापायची आणि लष्कराच्या गाड्या तो दाबायच्या. दोन्ही मिळून रस्त्याची पार चाळण झाली. दुरुस्तीला माणसं कमी आणि डांबर लष्कराकडे जायचं. “आम्ही मातीनं खड्डे भरायचो आणि सायेब आला की लाजायचो,” हे सांगताना आबांचा आवाज म्हातारपणीही उतरायचा.

पुढे वाचताना मला कळलं की त्याच दिवसांत, डिसेंबर 1943 मध्ये, सगळ्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपूरला जमले होते. युद्धाने रस्त्यांची काय दशा केली आहे, ते सगळ्यांना दिसत होतं. त्या बैठकीतून पुढच्या वीस वर्षांचा आराखडा निघाला. तो ‘नागपूर योजना’ म्हणून ओळखला जातो. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, मोठे जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामरस्ते ही आज आपण सहज वापरतो ती प्रतवारी तिथे ठरली. राष्ट्रीय महामार्गांनी प्रांतांच्या राजधान्या, बंदरं आणि मोठी शहरं जोडायची. बाकीच्या रस्त्यांनी त्या जाळ्यातून खाली खाली उतरत गावापर्यंत पोचायचं. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक साधं माप होतं. शेतीच्या विकसित पट्ट्यात कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून लांब असू नये.

मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. पारतंत्र्यातला देश, युद्ध चालू, त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं उपासमारीने मेलेली. आणि अभियंत्यांची एक सभा विचारते आहे की गावातल्या माणसाला रस्त्यापर्यंत किती चालावं लागेल. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला गेलेली बाई दिवस मावळायच्या आत घरी परत येऊ शकेल, एवढं अंतर.

त्याच्याही आधीचा दुवा एका मराठी माणसापाशी जातो. मुकुंदराव जयकर म्हटलं की आपल्याला कायदेपंडित आणि पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आठवतात. 1927 साली देशातल्या रस्त्यांचा विचार करायला नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. मोटारी वाढत होत्या आणि रस्ते पडले प्रांतिक सरकारांच्या आणि लोकल बोर्डांच्या गळ्यात, ज्यांच्याकडे पैसा नव्हता. जयकर समितीने 1928 च्या अहवालात सांगितलं की रस्त्यांचा प्रश्न साऱ्या देशाचा आहे आणि जो पेट्रोल जाळतो त्याने त्यासाठी पैसे द्यावेत. गॅलनमागे दोन आणे जादा बसले, त्यातून 1929 साली मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला. अभियंत्यांनी एकत्र बसून मापं-मानकं ठरवावीत म्हणून 1934 साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली, तीही याच अहवालामुळे. नागपूरच्या बैठकीपर्यंतची वाट अशी तयार झाली होती.

1 एप्रिल 1947 पासून राष्ट्रीय महामार्गांचा खर्च केंद्राने उचलला. त्या वेळी त्यांची लांबी होती एकवीस हजार किलोमीटरच्या आसपास, आणि त्यातही मधे मधे तुटलेले दुवे आणि पूल नसलेल्या नद्या. 1956 साली राष्ट्रीय महामार्गांचा कायदा आला. नागपूर योजनेने ठरवलेली एकूण लांबी देशाने मुदतीच्या आधी, 1961 च्या सुमारास गाठलीही. लांबी गाठली, पण त्यातला मोठा भाग कच्चा होता आणि पावसाळ्यात बंद पडणारा.

ही पावसाळ्यातली गोष्ट कोकणच्या माणसाला सगळ्यात नीट कळेल. कोकणात खाड्या इतक्या की तिथला माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला बोटीनेच गेला, भाऊच्या धक्क्यावर उतरला आणि पावसाळ्यात बोटी थांबल्या की गावाकडे पत्रं लिहीत बसला. पनवेलहून गोव्याकडे आणि पुढे केरळात उतरणारा तेव्हाचा 17 नंबरचा महामार्ग खाडीवर पूल, मग पुढची खाडी, असा हळूहळू सांधला गेला. त्यातला महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात कोसळला आणि दोन एसट्या माणसांसकट वाहून गेल्या. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला, त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण त्या बातमीच्या वेळी मला राहून राहून आबांची आठवण येत होती. पुलाच्या पायाशी वाकून बघणारा, त्या तेवढ्याच मैलांसाठी नेमलेला एखादा माणूस तिथे असता तर, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

आईच्या माहेरी रस्ता पोचला तो दुष्काळाच्या पाठीवर बसून. सिन्नरचा पूर्व भाग म्हणजे आमच्या इगतपुरीच्या अगदी उलटा. तीस-चाळीस किलोमीटरवर पाऊस पाठ फिरवतो. 1972 साली तिथल्या विहिरींना तळ दिसला. आजी सांगायची, “आधी बैल गेले, मग भांडी गेली, मग आम्ही खडीवर गेलो.” त्या दुष्काळात महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवर एका वेळी जवळपास 50 लाख माणसं होती. पाझर तलाव, नालाबंडिंग आणि सगळ्यात जास्त डोळ्यांत भरणारे रस्ते. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर पसरली आणि 1977 साली तिचा कायदा झाला.

खडी कशी फोडायची, ते आजीने मला एकदा अंगणात बसून दाखवलं होतं. मोठा दगड पायांच्या मधे ठेवायचा, दोन्ही पावलांनी दाबून धरायचा आणि हातोडा मनगटातून टाकायचा, खांद्यातून नाही. नाहीतर दुपारपर्यंत हात उचलत नाही. डाव्या हाताच्या बोटांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळायच्या. चिपरी डोळ्यात जाते म्हणून डोळे बारीक करायचे आणि फटका बसायच्या क्षणी मिटायचे. संध्याकाळी मुकादम लाकडी माप लावून ढीग मोजायचा. मापात भरला तर दिवसाचे दोन-तीन रुपये आणि वर सुकडी. भरला नाही तर उरलेलं उद्याच्या हजेरीवर. आईची धाकटी बहीण तेव्हा अंगावर पिणारी होती. तिला ढिगाच्या सावलीत गोधडीवर टाकून आजी दिवसभर घाव घालायची आणि हातोड्याच्या आवाजाने पोर झोपायची. आवाज थांबला की जागी व्हायची.

खडीचे ते ढीग मैलोन्‌मैल लागले. पाऊस आला, माणसं शेताकडे परतली आणि कित्येक ढीग तसेच पडून राहिले. काहींवर गवत उगवलं, काही लोकांनी घराच्या पायात घातले. आजीच्या वस्तीजवळचा रस्ता मात्र झाला. मुरमाचा, बिनडांबराचा, पण पहिल्यांदाच बैलगाडीऐवजी ट्रक वस्तीपर्यंत आला. “माझ्या हातची खडी हाय त्यात,” हे आजी जावयांना, व्याह्यांना, जनगणनेला आलेल्या मास्तरांनासुद्धा सांगायची.

नानांचा देश याहून पुष्कळ मोठा. ते जुन्या टाटा-बेंझवर किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून लागले आणि पुढे स्टिअरिंगवर बसले. पिंपळगाव बसवंतला कांदा भरायचा, आग्रा रोडने धुळ्याला यायचं आणि तिथे उजवीकडे वळायचं. धुळ्याला 3 नंबर आणि हजिऱ्याहून कलकत्त्याला जाणारा 6 नंबर एकमेकांना छेदायचे. मग जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, रायपूर, संबलपूर. नागपूरला श्रीनगर-दिल्लीकडून कन्याकुमारीकडे उतरणारी वाट आडवी यायची. नाना म्हणायचे, नागपूरच्या चौकात उभं राहिलं की चार दिशांचे चार ड्रायव्हर चार भाषांत शिव्या देतात आणि चौघांच्या गाड्यांचे पाटे मात्र एकाच तऱ्हेने तुटतात.

ऐंशीच्या दशकात ‘राष्ट्रीय महामार्ग’ म्हणजे किती जागी एकाच गाडीपुरतं डांबर! समोरून ट्रक आला की दोघांनीही एकेक बाजूची चाकं साइडपट्टीवर उतरवायची. कोण आधी उतरणार हे डिपर मारून ठरायचं. पावसाळ्यात फरशी पुलावर पाणी असलं की किन्नर काठी घेऊन आधी पाण्यात चालत जायचा. त्याच्या मांडीपर्यंत पाणी आलं तर गाडी थांबवायची. प्रत्येक शहराच्या वेशीवर जकात नाका, प्रत्येक राज्याच्या सीमेवर तपासणी. चाकं फिरायची त्याहून जास्त वेळ रांगेत जायचा. कांदा थांबला की घाम सोडतो, घाम सुटला की कोंब येतो. नाना रात्री ताडपत्री उघडून गोण्यांमध्ये हात घालायचे आणि आतला कांदा गरम लागला की त्यांना जेवण जायचं नाही. कलकत्त्याला माल उतरला की त्या दिवसाचा भाव तारेने पिंपळगावला कळवायचा आणि परतीचं भाडं शोधायचं. लासलगावच्या कांद्याची आमटी बंगालमध्ये शिजते, हे मला भूगोलाच्या पुस्तकाने शिकवलं नाही. नानांच्या अंगाला येणाऱ्या वासाने शिकवलं.

1998 साली अटलबिहारी वाजपेयी सरकारने राष्ट्रीय महामार्ग विकास प्रकल्प जाहीर केला. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांना चौपदरी रस्त्याने जोडणारा 5,846 किलोमीटरचा सुवर्ण चतुष्कोन, आणि श्रीनगर-कन्याकुमारी, पोरबंदर-सिलचर असे दोन आडवे-उभे मार्ग, झाशीपाशी एकमेकांना भेटणारे. पैसा उभा केला तो पुन्हा इंधनातूनच. लिटरमागे एक रुपयाचा उपकर लागला. जयकरांच्या दोन आण्यांचा हिशेब सत्तर वर्षांनी मोठ्या प्रमाणावर परत आला. याच सुमाराला आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला; 2002 साली पूर्ण सुरू झालेला हा साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा सहापदरी सिमेंटचा रस्ता देशाने डोळे विस्फारून पाहिला. 1830 साली बोरघाटातून चाकाची गाडी जाईल असा रस्ता झाला तेव्हा जेवढं अप्रूप वाटलं असेल, तेवढंच.

नानांना मात्र चतुष्कोनाच्या नकाशाने मोठा धक्का बसला. दिल्ली-मुंबई बाजू जयपूर, उदेपूर, अहमदाबादवरून खाली येत होती. आग्रा रोड त्यात नव्हताच. मुंबईहून उत्तरेकडे जाणारा जुना, हमरस्ता म्हणून ज्याच्यावर पिढ्या चालल्या तो रस्ता बाजूला पडला होता. आमच्याकडचं चौपदरीकरण पुढे तिसऱ्या टप्प्यात झालं. ते झालं तेव्हा कडेचे वड गेले, ज्यांच्या बुंध्यांना आबांनी वर्षानुवर्षं चुना लावला होता. नाना तेव्हा म्हणाले होते, “सावली गेली, पण समोरासमोरच्या धडका बी गेल्या. मी धडका पाह्यल्यात.” दुभाजकाने किती जीव वाचवले, ते त्यांच्याइतकं मला कळणार नाही, म्हणून झाडांचं दुःख मी त्यांच्यापुढे कधी बोलले नाही.

या प्रकल्पाचं नाव घेताना सत्येंद्र दुबे यांचं नाव घेतल्यावाचून पुढे जाणं मला जमत नाही. महामार्ग प्राधिकरणातला हा तरुण अभियंता. बिहारमधल्या कामातला भ्रष्टाचार त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहून कळवला. 27 नोव्हेंबर 2003 रोजी गयेत गोळ्या घालून त्यांची हत्या झाली. वय अवघं तीस. सुवर्ण चतुष्कोनाच्या प्रत्येक टोलनाक्यावर त्यांचं नाव असायला हवं होतं.

त्याच सरकारने 25 डिसेंबर 2000 रोजी दुसरीही एक योजना सुरू केली, पंतप्रधान ग्रामसडक योजना. मैदानी भागात पाचशे आणि डोंगरी-आदिवासी भागात अडीचशे वस्तीच्या गावापर्यंत बारमाही रस्ता. माझ्या मते नागपूरच्या बैठकीतला प्रश्न इतक्या वर्षांनी पुन्हा कुणी विचारला असेल, तर तो इथे. शहरांना जोडणारा रस्ता आणि गावापर्यंत जाणारा रस्ता, दोन्ही एकाच वेळी हाती घेतले गेले होते. पुढे मोठ्या रस्त्यांचा वेग असा वाढला की दुसऱ्याकडे बघायला कुणाला सवड राहिली नाही. राष्ट्रीय महामार्गांची लांबी आज 1 लाख 46 हजार किलोमीटरच्या आसपास आहे. ग्रामरस्त्याचं उद्घाटन टीव्हीवर दिसत नाही.

आणि मग समृद्धी. नागपूर ते मुंबईच्या वेशीवरचं आमणे, 701 किलोमीटर, दहा जिल्हे, 392 गावं. नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला आणि इगतपुरी-आमणे हा शेवटचा 5 जून 2025 रोजी. इगतपुरीच्या डोंगरातून सुमारे आठ किलोमीटरचा जुळा बोगदा काढला आहे. ज्या घाटात नाना पहिल्या गिअरमध्ये घाटनदेवीचं नाव घेत चढायचे, तो आता काही मिनिटांत खाली राहतो. मी त्या बोगद्यातून गेले तेव्हा मला अभिमान वाटला, आणि तो लपवायचं कारण नाही. विदर्भातला संत्रावाला एका दिवसात मुंबईला पोचतो, ही गोष्ट विदर्भाला महाराष्ट्राशी जोडणारा नागपूर करार झाला त्या दिवसापासून व्हायला हवी होती.

मामाच्या वस्तीवर समृद्धीसाठी जमिनीची मोजणी आली तेव्हाचं वर्ष मला स्पष्ट आठवतं. जवळच्या शिवडे गावच्या शेतकऱ्यांनी 2017 साली मोजणीला कडवा विरोध केला होता आणि तालुका पेटला होता. पुढे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत मोबदला जाहीर झाला आणि एकेक सही होत गेली. आमच्या नात्यात कितीतरी घरी बहिणींना गाडीत घालून हक्कसोडीच्या सह्यांसाठी नेलं गेलं. मामाने तसं केलं नाही. पैसे खात्यात आले त्या आठवड्यात तो स्वतः नाशिकला आला, आईच्या हातात तिच्या वाट्याचा चेक दिला आणि म्हणाला, “आक्का, खडी तुझ्या आईनं फोडली होती, माझ्या एकट्याच्या नाही.” त्याने उरलेल्या पैशात पलीकडच्या शिवारात जमीन घेतली. सगळ्यांना ते साधलं नाही. ज्यांनी गाड्या घेतल्या त्यांच्याकडे आता ना गाडी आहे ना वावर.

या रस्त्याने जीवही घेतले. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खाजगी बस पेटून 25 प्रवासी गेले. महिनाभराने शहापूर तालुक्यात पुलाचं काम चालू असताना गर्डर लाँचर कोसळला आणि 20 जण चिरडले गेले, बहुतेक परराज्यांतून आलेले कामगार. आमच्या आबांना निदान आपले मैल ठाऊक होते. या माणसांना आपण कुठल्या गावाच्या हद्दीत काम करतोय, हे तरी कुणी सांगितलं असेल का?

मामाच्या ओट्यावरून समृद्धी दिसतो. रात्री दिव्यांची ओळ सरकत राहते. पण त्यावर चढायला मात्र मामाला आधी जुन्याच रस्त्याने इंटरचेंज गाठावा लागतो. असे रस्ते दोन्ही बाजूंनी बंदिस्त असतात आणि ते असायलाच हवेत. ताशी 120 च्या वेगात मधेच म्हैस आली किंवा मोटरसायकल शिरली तर काय होईल, ते कुणालाही कळतं. त्यामुळे जागोजागी फाटा काढा, असं माझं म्हणणं अजिबात नाही. पण 701 किलोमीटरवर इंटरचेंज दोन डझनांच्या आसपास, म्हणजे सरासरीने पंचवीस-तीस किलोमीटरवर एक. मधल्या गावांना पाच मैलांचं माप लावून पाहा. ज्यांची जमीन रस्त्याखाली गेली, त्यातली किती गावं त्यात बसतात? समृद्धीची ओळख सगळीकडे एकाच आकड्याने करून दिली जाते: नागपूर-मुंबई आठ तासांत. नागपूरच्या त्या जुन्या बैठकीने मोजायला गाव घेतलं होतं, आता मोजायला प्रवाशाचा वेळ घेतला जातो. दोन्ही मोजता येतील. इंटरचेंजपर्यंतचे गावरस्ते त्याच प्रकल्पात, त्याच पैशात आणि त्याच मुदतीत धरले, तर दोन्ही साधतील. 701 किलोमीटरच्या खर्चापुढे ती रक्कम कितीशी?

आता पवनार ते पत्रादेवी असा, मूळ आराखड्यात 802 किलोमीटरचा, शक्तिपीठ महामार्ग गाजतो आहे. कोल्हापूरच्या बागायती पट्ट्यात त्याला विरोध आहे, इतरत्र काही ठिकाणी स्वागतही आहे. त्याचाही पहिला आकडा तासांचाच. मला तो आकडा हवाच आहे, त्याच्या शेजारी दुसरा एक रकाना हवा आहे: वाटेतलं प्रत्येक गाव चढायच्या जागेपासून किती लांब, आणि मधला रस्ता पावसाळ्यात चालू राहतो का.

माझा मामेभाऊ टोमॅटो लावतो. हंगामात रोज रात्री तो पिकअपमध्ये क्रेट भरतो आणि वाशी मार्केटला निघतो. समृद्धीवर चढल्यापासून आमणेपर्यंत त्याला दीड तास पुरतो. घरापासून इंटरचेंजपर्यंतच्या अकरा किलोमीटरला पाऊण तास लागतो, आणि तेवढ्यातच खालच्या थराचे टोमॅटो फुटतात. गेल्या ग्रामसभेत त्याने त्या अकरा किलोमीटरच्या खड्ड्यांचे फोटो आणि पावसाळ्यात बुडणाऱ्या दोन फरशी पुलांची नोंद मांडली, आणि महामार्गासाठी जमीन दिलेल्या गावांचे जोडरस्ते आधी करावेत, असा ठराव मंजूर करून घेतला. शेजारच्या चार गावांनीही तोच ठराव घेतला आहे. पाचही ठराव एकत्र करून तो येत्या सोमवारी तालुक्याला देणार आहे, आणि त्याच्याबरोबर नानाही जाणार आहेत.